टिमानहोफमधली माशी

सोमवारी सकाळी आठ वाजता माळ कायमची थांबणार, हे डेटलेफमामाने केकचा दुसरा तुकडा उचलता उचलता सांगितलं. जणू कुणीतरी खिडक्या पुसायला येणार आहे, इतक्या सहज. पाचव्या मजल्यावरच्या गेस्केआत्याच्या कचेरीत टिमानहोफचा सत्तरावा वाढदिवस चालला होता. इमारतीचा वाढदिवस करणारं दुसरं घराणं हॅम्बुर्गमध्ये असेल असं वाटत नाही. पण टिमानांकडे माणसांचे वाढदिवस विसरले तरी चालत, हिचा नाही.

सोळा वर्षांच्या लेफ्केचा काटा तोंडाच्या वाटेवरच थांबला. तिने आईकडे पाहिलं. आंत्ये कॉफीत साखर ढवळत होती. आंत्ये कॉफीत साखर कधीच घालत नसे.

म्हणजे आईला हे आधीच ठाऊक होतं.

माळ म्हणजे टिमानहोफची लिफ्ट. कागदोपत्री तिचं नाव पॅटर्नोस्टर, जपमाळेवरूनच पडलेलं. बिनदाराचे चौदा लाकडी डबे साखळीत मण्यांसारखे ओवलेले. एका बाजूने ते वर जायचे, दुसऱ्या बाजूने खाली यायचे, आणि कचेऱ्या उघड्या असेपर्यंत कुठे म्हणून थांबायचे नाहीत. बटण नाही, घंटा नाही. डबा मजल्याशी आला की पाऊल टाकायचं, आपला मजला आला की पाऊल काढायचं. लेफ्के चालायला आणि माळेत चढायला एकाच वर्षी शिकली होती, आणि यातलं आधी काय शिकली यावर घरात अजून दोन मतं होती.

डेटलेफमामा दुष्ट असता तर सोपं झालं असतं. पण तो नव्हता. आंत्येचा हा चुलतभाऊ टिमानहोफचा सगळा कारभार बघायचा, भाडेकरूंच्या गळक्या नळांसाठी रविवारी स्वतः धावायचा. त्याची कारणंही धड होती. गेल्या शरदात दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलाची छत्री अडकली आणि माळ चाळीस मिनिटं बंद पडली. वकीलसाहेब दोन मजल्यांच्या मध्ये, कमरेपासून खालचेच दिसत असताना, अशिलाला सल्ला देत राहिले. बाळाची ढकलगाडी माळेत मावत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या विमावाल्यांना दाराची, बटणांची, आत आरसा असलेली लिफ्ट हवी आहे. त्याची बायको, हेलामामी, आरशाच्या बाजूची होती.

"मला काय आनंद होतोय का?" मामा लेफ्केला म्हणाला. "पण उद्या कुणाचा पाय अडकला तर काय सांगू? आमच्या आजोबांची आवडती होती म्हणून?"

"सत्तर वर्षांत कुणाचा अडकलाय?"

"छत्री अडकली."

"छत्रीला पाय असतात का, मामा?"

हेलामामीला हसू आलं. नवऱ्याने पाहिलं तसं तिने ते रुमालात पुसून टाकलं.

वर्षभरापूर्वीपर्यंत लेफ्के अशा बैठकीत आईच्या खुर्चीमागे उभी राहून फक्त केक खायची. या वसंतात शाळेच्या वादसभेत तिने वरच्या वर्गातल्या दोघांना गप्प केलं, आणि तेव्हापासून तिला गप्प करणं हा घरातला एक वेगळाच उद्योग झाला होता. तिने विचारलं की माळ थांबवून बघू, नाही जमलं तर परत चालू करू, असं का नाही? मामाने मान हलवली. चार वर्षांपूर्वी कायदा झाला होता. नवी माळ बांधायला बंदी. जुन्या चालत आहेत तोवर चालतील. जी एकदा काढली, ती परत बसवता येत नाही.

तेव्हा हे वर्षभरासाठी नव्हतं. कायमचं होतं.

"आत्या, तू तरी बोल ना."

गेस्केआत्या खिडकीपाशी बसून शांतपणे खात होती. वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी, पायात काळे उंच बूट. थोरल्या हिन्रिख टिमाननी ही इमारत बांधली, त्यांचं हे सगळ्यात धाकटं अपत्य, आणि आता एकटंच उरलेलं. नात्याने ती लेफ्केच्या आईची आत्या, पण इमारतीतला टपालवाला सुद्धा तिला आत्याच म्हणायचा.

"मी काय बोलणार?" आत्या म्हणाली. "शेवटचा शब्द हान्सचा. खाली भिंतीवर लिहिलंय. तुला आता वाचता येतं ना?"

आणि तिने तिसरा तुकडा घेतला.

हान्स म्हणजे आत्याचा थोरला भाऊ आणि डेटलेफमामाचे वडील, वारून बारा वर्षं झालेली. थोरल्या हिन्रिखनी आपल्या हाताने लिहिलेला एक कागद तळमजल्याच्या दालनात काचेमागे लावलेला होता. बाकी सगळ्या गोष्टी तिन्ही मुलांनी बहुमताने ठरवायच्या, पण माळ चालावी की थांबावी, याबाबत शेवटचा शब्द हान्सचा, असं त्यात होतं. तो हक्क हान्सकडून डेटलेफमामाकडे आला होता. त्यामुळे मत मागायचा प्रश्नच नव्हता. त्याने केकबरोबर सांगितलं, हाच त्याचा मोठेपणा.

लेफ्के उठली ती थेट बाहेर. आई मागोमाग आली.

"तू काहीच का नाही बोललीस?" लेफ्केने विचारलं.

आंत्येने आधी हाताची घडी घातली, मग सोडली. मग एकेक करून सांगून टाकलं. विमावाल्यांना तळमजल्याचं दालनही नव्या धर्तीचं हवं होतं. भिंतींवरच्या त्या छतापर्यंत गेलेल्या हिरव्या, काचेसारख्या चकचकीत फरशांवर पांढरे तक्ते ठोकायचे होते. डेटलेफने फरशांना हात न लावायचं कबूल केलं; बदल्यात आंत्येने माळेसाठी भांडायचं नाही.

"म्हणजे तू माळ देऊन फरशा घेतल्यास."

"दोन्ही वाचत नव्हतं, बाळा." आंत्येचा आवाज खाली आला. "युद्धानंतर आम्ही इथेच राहत होतो, चार कुटुंबं, कपाटांच्या आडोशाने. हिवाळ्यात मी त्या फरशांवर बोटाने अक्षरं गिरवायची. वाफ धरायची त्यांच्यावर, पाटीसारखी. माझी शाळा होती ती."

लेफ्केला रागवायचं होतं, ते नीट जमेना. म्हणून ती समोर आलेल्या डब्यात शिरली आणि आईच्या डोळ्यांदेखत आधी पाय, मग पोट, मग डोकं अशी खाली गेली.

दालनात क्रोगर पितळी टपालपेट्या पुसत होता. क्रोगर टिमानहोफचा द्वारपाल. माळेच्या साखळीला दर शनिवारी तेल देणाराही तोच. सोमवारची बातमी त्याला कळली होती, हे त्या पेट्यांवरून दिसतच होतं. एकच पेटी तो बराच वेळ पुसत होता.

लेफ्के चौकटीपुढे उभी राहिली. जुन्या लिपीतला तो मजकूर म्हणजे एका शेजारी एक उभ्या केलेल्या टोकदार काड्यांचं कुंपण. मामाच्या पिढीला शाळेत ही लिपी शिकवलीच नव्हती. त्याने हा कागद आयुष्यात कधी वाचला नव्हता, फक्त ऐकला होता. लेफ्केला मात्र यंदाच्या हिवाळ्यात आत्याने ती शिकवली होती. कशासाठी, ते सांगितलं नव्हतं. बाजारच्या याद्या या लिपीत लिहायची आणि लेफ्केला आणायला पाठवायची. चुकीचं वाचलं तर घरी चुकीची भाजी. पहिल्या महिन्यात आत्याने मुळ्याचं सूप चार वेळा खाल्लं होतं.

तिने बोट फिरवत ओळ वाचली. शेवटचा शब्द, डेम हान्स.

बोट थांबलं. हे ‘डेम’ कुठून आलं? माणसाच्या नावाआधी असा शब्द लावायची पद्धत दक्षिणेकडची; इकडे तो वस्तूंच्या नावांआधीच लागतो. हॅम्बुर्गात कुणी तसं बोललं तर लोक विचारतात, बाई म्यूनिकची का? आणि थोरले हिन्रिख तर एल्बे नदी ओलांडली तरी परदेशी गेल्यासारखं करायचे.

तिने ते नाव पुन्हा पाहिलं. मधल्या अक्षरावर बरोबर एक तपकिरी ठिपका होता. तो ठिपका घरात प्रसिद्ध होता. त्याला ‘माशी’ म्हणत, कारण ती माशीची घाण आहे, हे प्रत्येक टिमानला लहानपणीच सांगितलेलं असे. या लिपीत न आणि उ सारखेच काढतात, दोन काड्या. फरक एवढाच, की उच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखी एक छोटी रेघ देतात. ती रेघ विसरलीस तर सगळं जग बदलतं, आत्या म्हणायची, आणि मुळ्याचं सूप पुढे ओढायची.

न असेल तर हान्स.

उ असेल तर हाउस. म्हणजे घर. म्हणजे ही इमारत.

"क्रोगरकाका," लेफ्के म्हणाली, "स्क्रू पिळायचं आणा."

क्रोगरने का म्हणून विचारलं नाही.

दोघं चौकट घेऊन माळेने वर आले. डब्यात दोनच माणसं मावतात, त्यात एक चौकट, त्यामुळे क्रोगर पोट आत घेऊन आला. कचेरीत शिरताच लेफ्केने केकचं ताट बाजूला सरकवलं आणि मागचे खिळे काढून कागद बाहेर घेतला. मामा म्हणाला, अगं, तो फाटेल. हेलामामी म्हणाली, फाटू दे, बघू तर दे.

टिमानहोफच्या खिडक्या जवळजवळ छतापासून जमिनीपर्यंत आहेत. कारकुनांनी दिवा न लावता दिवसभर लिहावं, म्हणून लोखंडी सांगाडा उभा करून भिंती शक्य तितक्या काढून टाकलेल्या. लेफ्केने कागद काचेवर धरला. बाहेरचा ढगाळ, पांढरा उजेड त्यातून आरपार आला. माशी फिकट झाली, चहाच्या रंगाची. आणि तिच्या पोटात, काळ्या शाईची, अगदी स्वच्छ, एक चंद्रकोर दिसली.

माळेचा खड्खड् आवाज तेवढा येत होता.

"काय आहे?" मामाने विचारलं. "कुणीतरी सांगाल का?"

"हान्स नाहीये, मामा. हाउस आहे. शेवटचा शब्द हाउसचा."

मामा जवळ आला. ते अक्षर त्याला वाचता येत नव्हतं, पण रेघ दिसत होती. त्याने वळून आत्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"माशी मीच," आत्या म्हणाली.

मग तिने बशी खाली ठेवली आणि सांगितलं. १९२४ साली थोरले हिन्रिख गेले. त्यानंतर खालच्या दालनात सगळ्या भाडेकरूंसमोर हा कागद वाचायचा ठरला. वकिलाचा घसा बसला होता, म्हणून हान्सने वाचला. डोळ्यांत पाणी, चष्मा खिशात, आणि ओळीत आपलंच नाव दिसलं. त्याने ते जोरात वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या त्याच्या खांद्यामागे उभी होती. तिला चंद्रकोर दिसली. कॉफीचे कप गोळा करताना तिने त्याला हळूच सांगितलं. हान्सचा चेहरा असा पडला, की तिला चोवीस वर्षांच्या आपल्या जिभेचा राग आला. दोनशे माणसांसमोर वडिलांचा शेवटचा शब्द चुकीचा वाचला, आणि तोही स्वतःच्या फायद्याचा. आता उठून काय सांगायचं?

"म्हणून मी कॉफीचा एक थेंब सोडला," आत्या म्हणाली.

"बाबांना न सांगता?" मामाचा आवाज कोरडा झाला होता.

"चमचा त्यानेच दिला, डेटलेफ."

मामा खुर्चीत बसला. आत्याने त्याच्या हातावर हात ठेवला. हान्सने त्या दिवशी कबूल केलं होतं, ती म्हणाली, की शब्द चोरीचा असला तरी तो वडिलांच्या मनासारखा वापरीन. आणि त्याने वापरला. सेहेचाळीसच्या हिवाळ्यात दिवसातून एक तास वीज यायची. त्या एका तासात हान्स सगळ्या मजल्यांचे बटाटे आणि कोळशाच्या विटा माळेत चढवून वर पोचवायचा. चोरलेल्या शब्दाचं इतकं व्याज कुणी भरलं नसेल.

"मग हे तूच का नाही सांगितलंस, इतके दिवस?" आंत्येने विचारलं.

"माझा डाग, माझी लिफ्ट, माझे गुडघे. म्हातारीची लबाडी, म्हणाला असतात तुम्ही. जिचं यात काही लपलेलं नाही, तिने वाचायला हवं होतं." तिने लेफ्केकडे पाहिलं. "मला मुळा आवडत नाही, माहीत आहे ना तुला?"

डेटलेफमामा सरळ माणूस होता, हे तेव्हा पुन्हा दिसलं. त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, ठीक आहे, शब्द माझा नाही. पण हाउसचा शब्द म्हणजे काय? भिंतींना विचारायचं का?

यावर आत्याने आणखी एक गोष्ट सांगितली. वास्तुरचनाकाराने पहिल्या आराखड्यात संगमरवरी भव्य जिना काढला होता, आणि साहेब लोकांसाठी मखमली बाकाची वेगळी लिफ्ट. थोरल्या हिन्रिखनी लाल पेन्सिलीने दोन्ही खोडलं. जिना मागे ढकलला, उजेडासाठी मोकळ्या ठेवलेल्या, पांढऱ्या विटांच्या चौकाला लागून, अरुंद. आणि मधोमध माळ. मालक आणि कारकून एकाच साखळीने वर जातील, म्हणाले. त्यांच्या तोंडी ‘हाउस’ म्हणजे विटा नव्हेत, आत काम करणारी झाडून सगळी माणसं.

"मग सगळ्यांना विचारू," लेफ्के म्हणाली.

"कागद वाटून?" मामा म्हणाला. "कोण खरं लिहितं? तुझ्याकडे बघून सगळे माळ लिहितील आणि माझ्याकडे येऊन कुरकुर करतील."

लेफ्केने घड्याळ पाहिलं. साडेतीन. शुक्रवारी चार वाजता टिमानहोफमधलं एकूण एक माणूस घरी निघतं.

"विचारायचंच नाही," ती म्हणाली. "जो माळेने उतरला, त्याचं मत माळेला. जो जिन्याने उतरला, त्याचं नव्या लिफ्टला. कुणाला काही सांगायचं नाही. क्रोगरकाका माळेपाशी मोजतील, मामी जिन्यापाशी. इथे काम करणाऱ्यांचंच धरायचं, म्हणून आई, मामी, मी नाही. मामा आणि आत्या आहेत."

मामाच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "आणि जिना जिंकला तर?"

"तर सोमवारी मी स्वतः येऊन बघीन. रडणार नाही."

हे बोलून झाल्यावर तिला जाणवलं, की ही वादसभा नाही. वादसभेत हरलं तर फक्त हरणं असतं.

चार वाजता दारं वाजायला लागली. लेफ्के तळमजल्यावर क्रोगरशेजारी उभी राहिली, चेहरा शक्य तितका कोरा ठेवून. सुरुवात झकास झाली. वकीलसाहेब आले, नवी आखूड छत्री घेऊन, माळेने. मग दंतवैद्याची मदतनीस. मग नकाशे काढणारे दोघे भाऊ, ज्यांचं एकमेकांशी पटत नाही, म्हणून वेगवेगळ्या डब्यांतून. क्रोगर पेन्सिलीने रेघा मारत होता, ओठ हलवत.

मग तिच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो. डब्यात मावतात दोन. शुक्रवारी चारला सगळ्यांना घाई. वरच्या प्रत्येक मजल्यावर रांग लागणार, आणि ज्याला थांबवत नाही तो जिना धरणार. तेवढ्यात मागून टाचांचा पाऊस पडल्यासारखा आवाज आला. चौथ्या मजल्यावरच्या कॉफीच्या आयातदारांकडच्या नऊ टंकलेखिका, एकीच्या मागे एक, हसत, जिन्याने. त्यातली लाल कोटवाली म्हणत होती, की माळेला आज किती गर्दी गं, माझी बस जाईल. हेलामामीने नऊ रेघा मारल्या. तिचा चेहरा काही जिंकणाऱ्या माणसासारखा नव्हता.

सव्वाचार वाजता टिमानहोफ रिकामं झालं. क्रोगरने दोनदा मोजलं, मामीने दोनदा मोजलं, मग एकमेकांचं मोजलं. जिना सत्तेचाळीस. माळ सेहेचाळीस, त्यात क्रोगरचं स्वतःचं धरून.

लेफ्केने वर येऊन आकडे नीट सांगितले. आता आत्या आणि मामाच राहिले होते. आत्या माळेने गेली की बरोबरी. आणि मामा...

मामा जिन्यानेच जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची कचेरी पहिल्या मजल्यावर. दर वर्षी वाढदिवसाला तो पाच मजले चढून, लालबुंद होऊन यायचा आणि म्हणायचा, डॉक्टरांनी सांगितलंय. डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नाही, हे मामीने एकदा आंत्येला सांगितलं होतं. लेफ्केने आयुष्यात मामाला माळेत पाहिलं नव्हतं, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

मामाने कोट चढवला, टोपी घेतली. बाहेर डावीकडे जिना, उजवीकडे माळ. तो दोन्हींच्या मध्ये थांबला.

"डेटलेफ," आत्या काठी टेकत आली. "मी तुला एक खोटं सांगितलं होतं."

"एकच?"

"माळेत सगळ्यात वर उतरलं नाही, तर माणूस पोटमाळ्यातून उलटा होऊन खाली येतो. डोकं खाली, पाय वर."

मामाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आठ वर्षांचा होतास. दिवसभर माळेत बसायचास, उतरायचास नाही. त्रेचाळीसच्या बॉम्बहल्ल्यात वरचं छत गेलं होतं. पोटमाळा उघडा, साखळीशेजारी पत्रे लोंबत होते. तुला बांधून ठेवता येत नव्हतं, म्हणून घाबरवलं. छत झालं, तेव्हा सांगायचं राहून गेलं." ती थांबली. "पस्तीस वर्षं."

"ते खोटं आहे हे मला कळतं, आत्या. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे." मामाने खांबावरच्या इनॅमलच्या पाटीकडे बोट दाखवलं. तिथे पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं, की वरून फेरी मारणं धोक्याचं नाही. "पण धोका नसता तर असली पाटी कोण लावतं?"

"माझ्या बाबांनी लावली. पहिल्या दिवशी बायकांच्या टोप्या मोठ्या होत्या, त्यांना भीती वाटायची."

एक डबा वर गेला. दुसरा गेला. लेफ्केला खूप काही बोलावंसं वाटलं, वादसभेतलं सगळं. पण आंत्येने तिचा हात धरला होता, आणि आईचा तळहात घामाने ओला झाला होता.

"मत जाऊ दे खड्ड्यात," आत्या म्हणाली. "तुला तिथे वर काय आहे ते बघायचं नाही?"

तिसरा डबा आला. मामाने टोपी घट्ट बसवली, आत्याचं कोपर धरलं, आणि दोघं आत गेले. वर जाणाऱ्या बाजूला. त्यांची डोकी गेली, मग कोट, मग शेवटी आत्याचे काळे बूट.

लेफ्के जिन्याकडे पळाली. तिचं मत धरायचं नव्हतं, आणि माळ तिच्यापेक्षा सावकाश होती. पांढऱ्या विटांच्या कडेने पाच मजले ती दोन दोन पायऱ्या टाकत उतरली आणि दालनात धापा टाकत क्रोगर आणि मामीजवळ येऊन उभी राहिली.

"कुठे आहे तो?" मामीने विचारलं.

"वरून येतोय."

"वरून म्हणजे?"

"वरून."

मामीने हातातली पर्स छातीशी धरली. डबे उतरत होते. एक रिकामा. दुसरा रिकामा. माळेत उतरणाऱ्या माणसाचे आधी बूट दिसतात, हे टिमानहोफमध्ये जन्मलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. तिसरा डबाही रिकामा.

चौथ्या डब्याची जमीन वरच्या कडेखालून बाहेर आली. तिच्यावर आधी दिसली ती टोपी, उपडी. टोपीच्या वर मामाचा चेहरा, लालबुंद, उलटा, केस खाली लोंबत. शेजारी आत्याचे दोन काळे बूट, सरळ, काहीच घडलं नाही अशा थाटात.

क्रोगरची पेन्सिल फरशीवर पडली.

"आत्या तेव्हा खरं तेच बोलत होती," उलटा चेहरा म्हणाला.

मग डबा आणखी खाली आला आणि कमरेत वाकलेला अख्खा मामा दिसला. तो सरळ होता होता डोकं आपटून घेत, आत्याचा हात धरून बाहेर आला. तो हसत होता. तसं हसताना लेफ्केने त्याला कधी पाहिलं नव्हतं; ते आठ वर्षांच्या कुणाचं तरी हसू होतं, बराच काळ वर अडकून पडलेलं. वर दोन मोठी चाकं आहेत, तो सांगत सुटला, डबा आडवा सरकतो, सरकतो फक्त, आणि भिंतीवर कुणीतरी खडूने बटाट्यांचा हिशेब लिहून ठेवलाय, हेला, ते बाबांचं अक्षर आहे, मला वाचता येत नाही पण आहे त्यांचंच.

क्रोगर खाली वाकून पेन्सिल शोधत होता. "साहेब," तो अडखळत म्हणाला, "उलटे आलेले धरायचे का?"

मामाने उत्तर द्यायच्या आत हेलामामीने ती पेन्सिल उचलली, क्रोगरच्या हातातला कागद घेतला, आणि माळेच्या बाजूला दोन रेघा स्वतः ओढल्या, जाड, कागद फाटेल इतक्या जोरात.